पेशंटला बाहेर बसू द्या

माझ्या डोक्याच्या आतलं चित्र सगळ्यात शेवटी मी पाहिलं. माझ्या आधी ते नवऱ्याने पाहिलं, मोठ्या दिरांनी पाहिलं, आमच्या मजल्यावरच्या दोन्ही शेजाऱ्यांनी पाहिलं. मुरबाडच्या सासरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ज्यांचे चेहरेही मला आठवत नाहीत, अशा माणसांनीसुद्धा ते पाहिलं आणि खाली जोडलेले हात टाकले. मी तेव्हा स्वयंपाकघरात त्या सगळ्यांसाठी चहा टाकत होते.

आमच्या डोंबिवलीच्या घरात हॉल आणि स्वयंपाकघराच्या मध्ये दार नाही, नुसता मण्यांचा पडदा आहे. पडद्यातून मला दिसलं की दीर ट्यूबलाइटखाली उभे आहेत आणि ती मोठी काळी फिल्म त्यांनी दोन्ही हातांनी वर धरली आहे.

"ही पांढरी बघ. लिंबाएवढी आहे चांगली," दीर म्हणाले.

"दादा, हळू बोल. तिला सूज आहे म्हणून सांगितलंय," नवरा म्हणाला.

मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा फिल्म नवऱ्याच्या पाठीमागे गेली होती. काय बघताय म्हणून विचारलं, तर म्हणाला, "काही नाही गं, दादाच्या गुडघ्याचा एक्स-रे." आणि आमचे दीर, आयुष्यात कधी नाटकात काम न केलेला माणूस, चहा पिऊन उठले आणि लिफ्टपर्यंत लंगडत गेले. डोक्यात लिंबाएवढी गाठ असलेली बाई दारात उभी राहून त्यांना "भावोजी, सांभाळून जा" म्हणत होती. आजही ते आठवलं की हातातली वस्तू फेकून मारावीशी वाटते.

मी कल्याणच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक आहे. गाड्या फलाटाला लावून घ्यायच्या, ड्रायव्हर-कंडक्टरांशी भांडायचं, प्रवाशांशी त्याहून जास्त भांडायचं आणि माइकवरून गाड्या पुकारायच्या, हे माझं काम. माझा आवाज खणखणीत आहे. सासूबाई होत्या तोवर म्हणायच्या, हिला माइक कशाला, हिला खिडकीत उभी केली तरी गाडी मुरबाडहून उलटी फिरेल. आमच्या घरात माझ्या बोलण्याची चेष्टा सगळ्यांनी केली, पण माझं पोट त्या बोलण्यावर आहे हे मी कधी विसरले नाही. तसं माझ्याकडे दुसरं काही नाही. शिक्षण बेताचं, रूप बेताचं, तोंड मात्र भरपूर.

सुरुवात वासाने झाली. मधूनच मला करपलेल्या दुधाचा वास यायचा, अगदी नाकात भरायचा. घरी यायचा, ड्यूटीवर यायचा, रिक्षात यायचा. मी विचारायचे, "दूध लागलं का गं कुणाचं?" आणि लोक माझ्याकडे बघत राहायचे. त्या वासाच्या मागोमाग क्षणभर सगळं लांब गेल्यासारखं व्हायचं. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी आधी पित्ताच्या गोळ्या दिल्या. मग मानेचा व्यायाम दिला. शेवटी म्हणाले, या वयात बायकांना असं होतं. पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईला काहीही झालं तरी ते वयाने झालेलं असतं. माझा पाय मोडला असता तरी त्यांनी पाळी जाण्यावर घातला असता.

मग एक दिवस ड्यूटीवर असताना मी "मुरबाडला जाणारी" इथवर बोलले आणि थांबले. मला काही कळलं नाही. मला म्हणे दोनतीन मिनिटं काही सुचत नव्हतं, मी ओठ चघळत नुसती समोर बघत होते. कंडक्टर लोकांना वाटलं माइक गेला. त्यांनी वायर हलवून पाहिली, स्पीकरवर हात मारून पाहिला. मला हलवून पाहायचं कुणाला सुचलं नाही. शेवटी तिकीट खिडकीवरच्या मैत्रिणीने माझा चेहरा पाहिला आणि त्याच दिवशी मला ओढत मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, ही फिटच आहे, हात-पाय झाडले नाहीत तरी फिट असते, एमआरआय करा.

एमआरआयला नवरा बरोबर आला. मंगळसूत्र काढा, केसातल्या पिना काढा, जोडवी काढा. जोडवी लग्नानंतर कधी निघालीच नव्हती, ती साबण लावून काढावी लागली. नवऱ्याला ते बघवत नव्हतं, तो तोंड फिरवून बसला. त्याला जोडव्यांचं वाईट वाटत होतं. मशीनमध्ये आवाज असा की खिळखिळ्या खिडक्यांची जुनी गाडी खडीवरून चालली आहे आणि आपण इंजिनाच्या आत झोपलो आहोत. मध्येच हातात औषधाचं इंजेक्शन दिलं, त्याने गाठ असली तर उठून दिसते म्हणे. मी हललेच नाही. हलू नका म्हटल्यावर न हलणं एवढं मला जमतं.

बाहेर येऊन मंगळसूत्राची कडी लावत होते तेवढ्यात आतून आवाज आला, "पेशंटचे नातेवाईक कोण आहेत? आत या. पेशंटला बाहेर बसू द्या." नवरा आत गेला. चित्र माझ्या डोक्याचं, खुर्ची मात्र माझी बाहेर. तो बाहेर आला तेव्हा पांढरा पडला होता आणि हसत होता. "सूज आहे थोडी. गोळ्यांनी जाईल."

मी विश्वास ठेवला असता. पण मग शहाळी यायला लागली. जे दीर दिवाळीला येताना रिकाम्या हाताने यायचे ते मुरबाडहून गाडी पकडून शहाळी घेऊन यायला लागले. शेजारीण माझ्याशी बोलताना माझ्या कपाळाकडे बघायला लागली. नवरा, जो भाजीत मीठ कमी पडलं तर ताट सरकवायचा, तो अळणी वरण मुकाट्याने जेवायला लागला. सुजेला कुणी इतका मान देत नाही. ट्यूबलाइटखालचा तमाशा झाला तेव्हा मला नवीन काही कळलं नाही, फक्त लिंबू कळलं.

मी रात्रभर रडले वगैरे नाही. मला राग आला होता. घाबरायलाही आपल्याला आपली गोष्ट नीट माहीत असावी लागते, ती या लोकांनी आपसात वाटून घेतली होती. मी सकाळी नवऱ्याला विचारलं, "गाठ आहे ना?" तर म्हणाला, "तू टेन्शन घेऊ नको, आम्ही बघतोय सगळं." आम्ही म्हणजे तो आणि दीर. माझं डोकं आणि बघणारे हे दोघे.

त्यांनी ठाण्याचे एक मोठे सर्जन गाठले होते. घोडबंदर रोडवरच्या त्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत ट्रॅफिकमध्ये आमचा जीव गेला. दीर पुढच्या सीटवर बसून ड्रायव्हरला लेन सांगत होते. हॉस्पिटल असं चकाचक की चपला काढाव्यात असं वाटावं. एका तरुण डॉक्टरने मला तपासलं. बोट दाखवून डोळे फिरवायला लावले, गुडघ्यावर हातोडी मारली, माझ्या उजव्या हातात पेन दिलं आणि नाव लिहायला सांगितलं. मी लिहिलं. मग मोठ्या डॉक्टरांच्या केबिनचं दार उघडलं आणि दारातल्या बाईने तेच वाक्य म्हटलं. नातेवाईक आत या, पेशंटला बाहेर बसू द्या.

नवरा आणि दीर आत गेले. मी बसले. समोर टीव्हीवर कुणीतरी नाचणीचे लाडू करत होतं. बराच वेळ झाला. मी त्या बाईला विचारलं, "आत काय चाललंय?" ती म्हणाली, "मॅडम, तुमच्या घरच्यांना समजावतायत." आणि तेव्हा माझं डोकं फिरलं. गाठीने फिरलं की रागाने, ते डॉक्टरांनी ठरवावं. मी उठले, दार ढकललं आणि आत गेले.

आत तिघेही माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी पुरुषांच्या डब्यात चढले आहे. भिंतीवर मोठा स्क्रीन होता आणि त्यावर मी होते. कवटीची पांढरी कड, आत अक्रोडाच्या मगजासारख्या वळ्या, आणि एका बाजूला तो पांढरट डाग. मी लिंबू म्हणून मनात धरलं होतं, ते तसं गोल नव्हतंच. कडा पुसट होत्या. सांडलेल्या दुधासारखं पसरलेलं होतं. मी उभ्या उभ्या बघत राहिले आणि सांगायला विचित्र वाटतं, पण मला बरं वाटलं. इतके दिवस ते सगळ्यांच्या चेहऱ्यावर बघत होते, आता ते जिथे होतं तिथे बघितलं.

नवरा म्हणाला, "अगं, तू बस ना बाहेर. तुला त्रास होईल."

"त्रास माझाच आहे," मी म्हटलं आणि खुर्ची ओढून बसले.

सर्जन भला माणूस असावा. त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे वळून बोलायला लागले, तरी मधून मधून त्यांची मान सवयीने दिरांकडे जायची. हळू वाढणारी गाठ वाटते, ऑपरेशन करून काढू, जितकी निघेल तितकी काढू. मी म्हटलं, ही डावीकडे आहे ना? ते म्हणाले, "स्क्रीनवर उलटं दिसतं. आपण समोर उभे राहून तुमच्याकडे बघतो तसं. ही तुमची उजवी बाजू आहे. आणि हे चांगलं आहे. उजव्या हाताने काम करणाऱ्यांचं बोलण्याचं केंद्र बहुतेक डावीकडे असतं. त्यामुळे तुमच्या बोलण्याला तसा धोका नाही. आपण मोकळेपणाने काढू शकतो. तुमच्या दिरांनी सांगितलंय, तुम्ही उजव्या हाताच्या आहात."

"कोणी सांगितलं?"

"मी सांगितलं," दीर म्हणाले. "उजव्याच हाताने लिहितेस ना तू. हे विचारायला तुला कशाला आत बोलवायचं? पुढच्या गुरुवारची तारीख पण घेतली आम्ही. अमावस्या टाळून."

मी माझे दोन्ही हात टेबलावर ठेवले. म्हटलं, "लिहिते उजव्याने. बाकी सगळं डाव्याने करते. विळीवर भाजी डाव्याने चिरते. सुईदोरा डाव्याने. लाटणं, झाडू, कुलपाची किल्ली, सगळं डाव्याने. मी डावरी आहे."

सर्जनांनी हातातलं पेन खाली ठेवलं. नवरा म्हणाला, "डावरी? मला कुठे माहीत."

हा माणूस लग्न झाल्यापासून माझ्या हातचं खातोय. घरातल्या विळीचं पातं उलटं का म्हणून वर्षानुवर्षं कटकट करतोय. चहाच्या गाळणीचा दांडा नेहमी चुकीच्या बाजूला असतो म्हणून माझ्यावर ओरडलाय. आणि त्याला माहीत नाही. त्याला विळी दिसली, गाळणी दिसली, मी दिसले नाही. मला गाठीचा राग आला नाही इतका त्या वाक्याचा आला.

लिहायला उजवा का, ते सांगायला पाहिजे. आंबिवलीच्या पलीकडे माझं माहेर. लहानपणी मी ताटात डावा हात घातला की आई तो जुन्या लुगड्याच्या पट्टीने कमरेशी बांधायची आणि मगच वाढायची. शाळेत बाईंनी पट्टीने त्याच हाताची बोटं फोडली. डाव्या हाताने प्रसाद घ्यायचा नाही, डाव्या हाताने कुंकू लावायचं नाही, डाव्या हाताने काही द्यायचंही नाही. मी शहाणी झाले. जे लोकांना दिसतं ते उजव्याने करायचं, जे स्वयंपाकघरात राहतं ते डाव्याने. आमच्यात अशा किती तरी मुली झाल्या असतील, वरून उजव्या आणि आतून डावऱ्या. त्यांच्यातल्या कुणाच्या डोक्यात गाठ निघाली आणि आत केबिनमध्ये कुणी दिराने उत्तर दिलं, तर काय झालं असेल, या विचाराने मला अजून झोप लागत नाही.

सर्जन म्हणाले, "डावखुऱ्या लोकांतही बऱ्याच जणांचं बोलणं डावीकडेच असतं. पण काहींचं उजवीकडे असतं. तपासून घ्यावं लागेल." मग म्हणाले, "मॅडम, हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं."

"मी बाहेर बसले होते, डॉक्टर," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी आईला फोन केला. मी ओरडले. आजारी माणसाने म्हाताऱ्या आईवर ओरडू नये वगैरे मला माहीत आहे, तरी ओरडले. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "डाव्या हातान जेवाचा नाय, ही सगल्यांचीच रीत व्हती गो. तुझ्या बऱ्यासाठीच केला." हे तिला खरंच वाटत होतं, म्हणून मला आणखी राग आला. वाईट हेतूने केलं असतं तर तिला एक शिवी देऊन मोकळी झाले असते.

गुरुवारची तारीख रद्द झाली. त्याऐवजी दुसऱ्या प्रकारचा एमआरआय झाला, मेंदूचा कुठला भाग कुठल्या कामाला लागतो ते दाखवणारा. मशीन तेच, आवाज तोच, पण आत पडून काम करायचं. कानात अक्षर सांगणार, त्या अक्षरापासूनचे शब्द तोंड न हलवता मनात म्हणायचे. आधी इंग्रजी अक्षरं लावली. मी बटण दाबून सगळं थांबवलं. काचेपलीकडच्या मुलीने विचारलं, "काकू, घाबरलात का?" म्हटलं, "नाही गं. मी विचार मराठीत करते. इंग्रजीत मला फक्त सही येते." ती हसली आणि मग स्वतःच माइकवरून अक्षरं सांगायला लागली.

'म' म्हणाली. मला मुरबाड आलं, माळशेज, मंचर, माजलगाव. 'क' म्हणाली, कसारा, कर्जत, कोपरगाव, कोल्हापूर. बाकीच्या बायकांना फुलं नाहीतर देव आठवत असतील, मला सगळा गाड्यांचा तक्ता आठवला. 'भ' म्हटल्यावर आधी भिवंडी आली, पण पाठोपाठ जे शब्द आले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. ते दिरांना उद्देशून होते. त्या शब्दांनीही मेंदूचा काही भाग उजळला असेल तर शास्त्राचं भलं झालं.

यावेळी केबिनमध्ये आधी मी गेले. माझ्यामागून नवरा आला, दीर आले. स्क्रीनवर तेच राखाडी डोकं होतं, पण आता त्यात नारिंगी ठिपके होते, जिथे जिथे मी शब्द शोधले होते तिथे. माझ्या डाव्या बाजूला जेमतेम. माझ्या उजव्या बाजूला भरपूर, आणि गाठीच्या अगदी कडेला खेटून.

"तुमचं बोलणं मुख्यतः उजवीकडे आहे," सर्जन म्हणाले. "पहिल्या बेताप्रमाणे केलं असतं, तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मी पुरं करते. पहिल्या बेताप्रमाणे केलं असतं तर मी अमावस्या टाळून मुकी झाले असते. आणि घरचे म्हणाले असते, देवाची इच्छा, जीव तर वाचला.

मग त्यांनी नवीन बेत सांगितला. ऑपरेशन जागेपणी करायचं. डोकं बधिर करतील, मी जागी राहीन आणि बोलत राहीन. बोलणं अडखळलं की ते तिथे थांबतील. थोडी गाठ मागे ठेवावी लागली तरी चालेल, पण बोलणं ठेवायचं. "तुम्हाला सवयीचं, न थांबता बोलता येईल असं काहीतरी ठरवा," ते म्हणाले.

"रामरक्षा म्हणेल ती," दीर म्हणाले. "पाठ आहे तिला."

मी त्यांच्याकडे वळले देखील नाही. डॉक्टरांना म्हटलं, "मी गाड्या पुकारते."

आणि मी पुकारल्या. निळ्या कापडाखाली, डोक्यात कुणाचे तरी हात असताना, सकाळपासून संध्याकाळपर्यंतच्या सगळ्या गाड्या मी थांब्यांसकट पुकारल्या. दोनदा शब्द अडला. एकदा टोकावडे आठवेना, एकदा सरळगाव. दोन्ही वेळा मागून सर्जनांचा आवाज आला, "इथे नको." असं कुणीतरी माझं ऐकून आपला हात थांबवला, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं.

थोडी गाठ आत राहिली आहे. गोळ्या चालू आहेत, ठरावीक महिन्यांनी चित्र काढायला जावं लागतं, आणि एखादा शब्द कधी कधी जिभेवर येऊन मागे फिरतो. सर्जन आता स्क्रीन आधी माझ्याकडे वळवतात. तेवढं मी त्यांना शिकवलं.

घरी आल्यावर पहिल्याच रविवारी दीर मुरबाडहून शहाळी घेऊन आले. मी सोफ्यावर बसले होते, टाके अजून ओले, डोक्याला रुमाल. ते माझ्या शेजारी बसले, माझ्याकडे एकदा बघितलं आणि माझ्या डोक्यावरून पलीकडे नवऱ्याला विचारलं, "कशी आहे आता? बोलते का नीट?"

नवऱ्याने तोंड उघडलं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. बहुतेक त्याला मी तेव्हा पहिल्यांदा दिसले असेन.

मी शहाळं डाव्या हातात घेतलं आणि आवाज लावला, स्टँडवर लावते तो. शेजारणीने दार उघडलं, इतका लावला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं. मुरबाडला जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे. ज्यांना पेशंटला विचारायचं नाही, त्यांनी गाडीत बसून घ्यावं."

दीर उठले. लिफ्टपर्यंत सरळ चालत गेले.